थाळीचा बांध

ही गोष्ट खरं तर मी सांगायची नाही. हिवरधोंड गावात ती सांगायचा मान ठकूच्या घराचा, आणि आमचं घर सटवाजीचं. ठकूच्या घरानं सांगायची आणि सटवाजीच्या घरानं मान खाली घालून ऐकायची, असा इथला रिवाज आहे. पण ठकूच्या घरातल्या आताच्या थोरल्या, म्हणजे आमच्या चंद्राकाकू, खालच्या रानात खड्डे दाखवायला गेल्या आहेत, आणि तुम्ही रोपं घेऊन आलेली पाहुणे मंडळी मघापासून बांधाकडे बघून हसताय. म्हणून सांगते. काकू आल्याच, तर ही पोरगी आम्हाला प्यायला पाणी देत होती असं म्हणा.

हसू येणारच. दगडूतात्यांनी बांधावर रोप लावलं, पायानं माती दाबली, आणि ओढा एवढा जवळ असताना हात झटकून नुसते उभे राहिले. मग पितळी थाळी घेऊन लाकडानं बडवली. थाळी ऐकून शेजारच्या रानातले निवृत्तीअण्णा कळशी घेऊन आले. या दोघांचं दिवाळीपासून बोलणं बंद आहे. अण्णांनी रोपाला पाणी घातलं आणि तात्यांकडे न बघता परत गेले. तात्यांनीही थाळी काखेत मारली आणि घरची वाट धरली.

आमच्या शिवारात आपण लावलेल्या झाडाला आपण पाणी घालत नाही. ते बांधापलीकडच्यानं घालायचं. त्याच्या झाडाला आपण घालायचं. ओढ्यापासून गावदेवी धोंडाईच्या माळापर्यंत हा जो कडुनिंब, हिवर, बोरी आणि जांभळांनी भरलेला बांध दिसतो, तिथूनच हे सुरू झालं, असं सांगतात.

फार पूर्वी या शिवारात उभं राहायला सावली नव्हती म्हणे. त्याच्याही आधी झाडं होती, पण ती लोकांनीच तोडली. बांधावरच्या झाडाचं सावट ज्वारीवर पडतं आणि सावटातलं कणीस भरत नाही. म्हणून ज्याच्या रानात सावली पडे तो शेजाऱ्याचं झाड तोडी, आणि रागानं शेजारी त्याचं तोडी. असं करत शिवार बोडकं झालं. मग उन्हाळ्यात वारा माती उचलू लागला आणि पलीकडच्या गावात नेऊन टाकू लागला.

ठकूचं रान बांधाच्या वरच्या अंगाला, सगळ्यांत उंचावर होतं. तिचा नवरा बैलांवर मिठाच्या गोण्या लादून आणायला घाट उतरायचा, तो महिनोन् महिने बाहेर. रान तिनंच बघायचं. एका उन्हाळ्यात तिला दिसलं, की वरच्या टोकाला काळी माती जाऊन पांढरा मुरूम उघडा पडला आहे. आधी तो ठिपका पोळपाटाएवढा होता. पुढच्या उन्हाळ्यात घोंगडी अंथरल्याएवढा झाला. ठकू त्यावर पाय ठेवून उभी राहायची. असंच चाललं तर नवरा परत येईल तेव्हा पेरायला रान उरणार नाही, आणि रान नाही तर गावही सुटणार, हे तिला कळलं. तिनं ते कुणाला बोलून दाखवलं नाही. पाऊस लागल्यावर बांधावर झाडं लावायला घेतली.

बांधाच्या खालच्या अंगाला सटवाजीचं रान. हा आमचा मूळपुरुष. हाडानं दांडगा आणि जिभेनं त्याहून दांडगा. ठकूनं आज रोप लावलं, की उद्या सटवाजी ते उपटून तिच्याच रानात फेकायचा.

"वहिनी, झाडाची एवढी हौस असंल तर चुलीपाशी लावा की," तो बांधावरून म्हणायचा.

"चुलीपाशी वारा येत न्हाय, भावजी," ठकू म्हणायची, आणि त्याच खड्ड्यात दुसरं रोप लावायची.

शेवटी भांडण चावडीवर गेलं. पाटलांनी विचारलं, बांधावरचं झाड कुणाचं धरायचं? ठकू म्हणाली, "ज्याच्या रानात सावली पडंल त्याचं. फळ, पाला, लाकूड, समदं भावजींनी घ्यावं. मला निस्ती मुळं पायजेत."

सटवाजी थट्टेवर आला. "झाड माझं, तर पाणी तुम्ही का घालताय? मी मालक आन् तुम्ही माझ्या पाणक्या व्हय?"

चावडीवर हशा पिकला. ठकूच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. तिनं पुढे होऊन धोंडाईचा भंडारा उचलला. "धोंडाईची आण. आजपासून ह्या झाडांस्नी माझा हात पाणी घालणार न्हाय. पर भावजी, तुमीबी उपटायचं न्हाय. जगली तर जगली."

सटवाजीनं हसत हसत भंडारा उचलला. उन्हाळ्यात झाडं आपोआप वाळणार होती, मग उपटायची मेहनत हवी कशाला?

पावसाळा झाडांनी काढला, हिवाळाही काढला. चैत्र लागला आणि पानं माना टाकू लागली. ठकू ओढ्याच्या डोहातून पाणी आणायची आणि तिची वाट बांधावरूनच जायची. डोक्यावर भरलेली कळशी आणि पायाशी तहानलेली झाडं. कळशी डचमळली आणि थेंब सांडला तर आण मोडेल, म्हणून बांधापाशी आली की ती दम धरून, पावलं मोजल्यासारखी टाकत चालायची.

"अगं ठकू, धोंडाई काय थेंब मोजत बसलीय? सांड की जरा!" बरोबरच्या बायका म्हणायच्या.

"तिला दिसंल न दिसंल," ठकू म्हणायची, "मला दिसंल की."

वैशाखात एका दुपारी ती रानात आली तर बांधावरच्या थोरल्या कडुनिंबाची पानं हातात घेताच चुरली. पांढरा मुरूम बांधाच्या बुडापर्यंत आला होता. ठकू तिथून तडक घरी गेली, पितळी थाळी घेतली, परत बांधावर आली आणि थाळी बडवू लागली.

आता त्या काळी थाळी बडवणं म्हणजे आग. घरं गवतानं शाकारलेली, दारोदार कडब्याच्या गंजी. थाळी वाजली की हातातलं टाकून, घरातलं पाणी उचलून धावायचं. आणि खोटी थाळी वाजवणाऱ्याला गावाबाहेर काढायचं, कारण एकदा खोटी वाजली की पुढच्या खऱ्या थाळीला कोण धावेल? ठकूला हे ठाऊक होतं. चंद्राकाकू सांगतात की तिनं सगळा विचार करूनच थाळी उचलली. मला तसं वाटत नाही. ती अनवाणी होती, हे काकूसुद्धा सांगतात. विचार करून निघालेलं माणूस वैशाखात पायात वहाणा घालून निघेल.

अख्खी वस्ती धावली. कुणी घागर घेऊन, कुणी हंडा. सटवाजी जेवत होता, तो तोंडातल्या घासासकट कळशी घेऊन आला.

"कुठाय आग?"

ठकूनं पांढऱ्या मुरमाकडे बोट दाखवलं. "ही काय. धूर न्हाय, पर जळतंय ते दिसत न्हाय का? माझं झालं की तुमचं."

"उन्हानं डोस्कं फिरलं हिचं," कुणी तरी म्हणालं, आणि लोक चिडून माघारी वळले. पण दोन पावलांवर सगळेच थबकले. आगीसाठी घरातून काढलेलं पाणी परत घरात नेत नाहीत. नेलं, तर आग त्या पाण्याच्या मागोमाग घरी येते. वाटेतही सांडायचं नाही. थाळी जिथे वाजली तिथेच ते ओतायचं, असा नेम होता. आणि थाळी वाजली होती बांधावर.

लोक भरल्या घागरी घेऊन एकमेकांकडे बघत राहिले. सगळ्यांत पुढे सटवाजी होता. त्यानं कळशीकडे पाहिलं, कडुनिंबाकडे पाहिलं. "काय इपरीत बाई हाय," असं पुटपुटत तो वाकला आणि त्यानं सगळी कळशी कडुनिंबाच्या बुडात ओतली. तापलेल्या मातीतून चर्र आवाज आला. मग दुसऱ्यानं हिवराला ओतलं, तिसऱ्यानं बोरीला. बघता बघता अख्खा बांध ओला झाला.

एवढ्यात पाटील धापा टाकत पोहोचले. त्यांनी ओला बांध पाहिला, ठकूच्या हातातली थाळी पाहिली आणि काय ते ओळखलं. ज्याचं रान थाळीला लागून, त्याची साक्ष धरायची अशी रीत होती. त्यांनी सटवाजीला विचारलं, "आग व्हती का न्हवती?"

ठकूनं मान खाली घातली. सटवाजीच्या एका शब्दावर तिला गाव सुटणार होतं, आणि बांधावर त्याला उलटून बोलणारं कुणी उरणार नव्हतं.

चंद्राकाकू सांगतात की तो लगेच बोलला. पण आमच्या घरात असं सांगतात, आणि मी आज बोलते आहे ते एवढ्यासाठीच, की तो आधी खाली बसला. कडुनिंबाच्या बुडातल्या ओल्या मातीत त्यानं बोट खुपसून पाहिलं, पाणी मुळापर्यंत उतरलं का ते. मग बोट धोतराला पुसत उठला.

"व्हती," तो म्हणाला. "इझवली."

"आन् उद्या?" पाटलांनी विचारलं.

"उद्या पुन्हा लागंल. उन्हाळा हाय. वहिनींनी थाळी वाजवावी, मी येतो."

आणि तो गेला म्हणे, सगळा उन्हाळा. ज्या झाडाला आपल्या हातानं पाणी घातलं ते उपटायला हात उठत नाही, हे गावानं तेव्हा पाहिलं. पुढं सटवाजीनं स्वतः त्याच बांधाच्या दुसऱ्या टोकाला जांभूळ लावलं, पाण्यासाठी थाळी वाजवली, आणि तिकडून ठकू आली. तिची आण तिच्या झाडांपुरती होती, त्याच्या झाडाला ती मोकळी होती. मग एकेक बांध तसाच भरत गेला. तो पांढरा मुरूम आता शोधून सापडत नाही. तिथे चंद्राकाकूंचा उडीद उभा आहे.

आजही थाळी वाजली की हातात काय आहे ते बघायचं नाही. भाकरी असली तर ताटात टाकायची, भांडण असलं तर तोंडात ठेवायचं, आणि कळशी उचलायची. आजही फळ ज्याच्या रानात सावली पडते त्याचंच. आणि आजही झाड कुणी लावलं असं आमच्याकडे कुणी विचारत नाही. विचारतात ते एवढंच, की त्याला पाणी कुणी...

"वैजे! ए वैजे! थाळी वाजतीय, कानात बोळे घातलेस का? काकूंचं रोप खोळंबलंय, कळशी घे आन् पळ!"