सुंदरी मेस्तीण आणि हलकी काठी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका, मध्येच कुणी विचारलं की माझं डोकं फिरतं. आपलं खारशेत तेव्हाही इथेच होतं, खाडीच्या तोंडाशी, आणि समोरच्या तीरावर पालशी. मधल्या पाण्याला ओढ इतकी, की नुसती वल्ही मारून कुणी पलीकडे गेलेलं नाही. शीड लागतंच. आणि शीड लावायचं तर आधी डोलकाठी उभी करायला हवी.

त्या काळी काठी उभी करणं चौघांचं काम होतं. चौघांनी ती उचलायची आणि होडीतल्या भोकात तिचं बूड सोडायचं. परत आलं की पुन्हा उतरवायची, कारण उभ्या काठीची होडी वारा दोर तोडून नेतो. आणि गावचा रिवाज असा, की ज्याने काठीला हात लावला त्याला त्या दिवशी होडीत जागा द्यायची. नाही म्हणायचं नाही. सगळा घोळ या रिवाजाने केला.

एका वर्षी वादळ आलं. होड्या गेल्या, आणि होड्यांबरोबर खारशेतचे कर्ते पुरुषही गेले. त्यांत राघू मेस्त होता, होड्या बांधणारा. त्याची बायको सुंदरी. ती अख्ख्या गावाची सुईण. तिची एकुलती लेक चिमी पालशीला दिलेली, आणि तिचे दिवस भरत आलेले. पालशीत सुईण नव्हती, आणि वादळाने तिकडेही होडी शिल्लक ठेवली नव्हती. कळा सुरू झाल्या की कातळावर जाळ करू, असा निरोप जावयाने आधीच धाडला होता. सुंदरीला नवऱ्यासाठी रडायलाही सवड नव्हती बघा. तिची नजर सारखी त्या कातळाकडे.

राघूची एक अर्धवट होडी माडांखाली पडून होती. सुंदरीने ती पुरी केली. जन्मभर नवऱ्याला फळ्या धरून दिल्या होत्या, हात शिकलेले होते.

मग एका भर दुपारी तिने काठी उभी करायला घेतली. मदतीला म्हातारा भानू नाखवा आणि त्याचा भाऊ. तिघांना काही ती झेपेना. अर्ध्यावर येऊन अडली, आणि एकाएकी काठी हलकी झाली. आपली आपण वर गेली आणि भोकात बसली, असं म्हणतात. म्हातारे म्हणाले, देव पावला. कसला देव! जरा पुढे जातात तो होडी काठापर्यंत पाण्यात. आत माणसं तिघंच, आणि होडी मात्र खच्चून भरल्यासारखी जड. कशीबशी मागे वळवली.

काठी उतरवल्यावर सुंदरीने पाहिलं. कोरड्या लाकडावर ओल्या हातांचे ठसे होते, बुडापासून शेंड्यापर्यंत, आणि ते उन्हात वाळत नव्हते. त्यांतल्या एका हाताला अंगठा नव्हता. राघूचा अंगठा लाकूड तासताना वाकसाने तुटलेला, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

म्हातारे जे पळाले ते पुन्हा त्या बाजूला फिरकले नाहीत. सुंदरी त्या ठशावर हात ठेवून पोटभर रडली. तिला वाटलं, त्यालाही लेकीला बघायचं असेल, येऊ दे की. पण त्याला जागा दिली तर बाकीच्या बुडालेल्यांना नाही कसं म्हणणार? आणि सगळ्यांना घेतलं तर होडी तळाला. म्हणून तिने ठरवलं, काठीला दुसऱ्या कुणाचा हातच लागता कामा नये.

तिने भोक बुजवलं. त्या जागी दोन दणकट खुंट ठोकले, मध्ये काठीचं बूड बसवलं आणि आरपार लोखंडी खीळ घातली, म्हणजे काठी दारासारखी फिरेल. शेंड्याला दोर बांधला, तो होडीच्या नाकावरच्या कप्पीतून घेतला आणि ओढला. काठी जागची हलेना. आडव्या काठीला आडवाच दोर, ती उठणार कशी? तेव्हा तिने नाकाशी दोन बांबू कात्रीसारखे उभे केले आणि दोर त्यांच्यावरून घेतला. आता ओढ वरून बसली आणि शेंडा जमिनीवरून सुटला.

त्याच घटकेला पालशीच्या कातळावर धूर दिसला.

ओहोटी होती, ऊन माथ्यावर होतं. सुंदरी दोर ओढू लागली, आणि समोरच्या चिखलातून ते चालत आले, असं म्हणतात. दिसत कुणी नव्हतं. चिखलात नुसती पावलं उमटत होती, आणि ती होडीभोवती येऊन थांबली. काठी अर्ध्यावर आली आणि तिच्या हातांतला दोर हलका व्हायला लागला. काठीवर पहिला ओला ठसा उमटला. त्याला अंगठा नव्हता.

सुंदरी म्हणाली, "अहो, हात काढा. तुम्हांला नाही म्हणायला माझा जीव तुटतो. पण तुमच्यामागून हे सगळे चढतील, आणि तिकडे आपली चिमी एकटी आहे."

मग दोर जड झाला. इतका जड, की तळहात सोलून निघाले. होडीजवळची दोन पावलं फिरली, होडीकडे पाठ करून उभी राहिली, आणि बाकीची पावलं त्यांच्या पुढे आली नाहीत. सुंदरीने रडत रडत एकटीने काठी उभी केली. भरतीने होडी उचलली तशी शीड लावून ती निघाली. बाळ पायाळू होतं, पण ती वेळेवर पोचली, आणि दोन्ही जीव वाचले.

आजही खारशेतच्या प्रत्येक होडीची काठी खिळीवर फिरते आणि एकच माणूस ती उभी करतो. बाकीचे होडीकडे पाठ करून, हात मागे बांधून उभे राहतात. बाहेरचा कुणी भला माणूस मदतीला धावला तर त्याच्या अंगावर ओरडतात, तो बिचारा गांगरतो. आणि काठी चढत असताना घरची बाई किनाऱ्यावरून विचारते, "जड आहे ना?"

"जड आहे," असं उत्तर आलं की मगच ती घराकडे वळते. आणि एखाद्या दिवशी आतला माणूस गप्प राहिला, तर कुणी काही विचारत नाही. काठी खाली घेतात आणि त्या दिवशी समुद्रावर जात नाहीत.