कुंभारणीची फुटलेली वाटी

एका गावात एक कुंभारीण होती. गावाला तिचा अभिमान होता, आणि तो फुकाचा नव्हता.

गावाजवळच्या डोंगरात सोन्याची खाण होती. खाणीचे मालक तिचे भाग विकत. आज आपण त्यांना शेअर म्हणतो. दर बाजाराच्या दिवशी कुंभारीण चावडीच्या भिंतीवर दोन ठिपके काढायची. सोन्याच्या भावाचा हळदीने, खाणीच्या भागाचा गेरूने. ठिपके जोडले की आकार दिसत. भाव हळूहळू उतरला, तळाशी रेंगाळला आणि पुन्हा गोलाईने चढला, की ती म्हणायची, "वाटी झाली. आता भाव काठावरून वर जाईल." दोनदा अगदी तसंच झालं. मग काय, पाहुण्यांना लोक देवळाआधी ती भिंत दाखवू लागले.

गावाला नदीवर पूल हवा होता. पुरात पलीकडचा वैद्य येऊ शकत नसे आणि माणसं हकनाक जात. जमलेले पैसे पुरत नव्हते. गेरूची तिसरी वाटी दिसली तेव्हा पाटलांनी त्या सगळ्या पैशांचे भाग घ्यायचं ठरवलं.

भाग घेण्याआधी कुंभारणीने वाटीच्या काठाखाली कोळशाने एक आडवी रेघ ओढली. "ठिपका हिच्या खाली गेला, तर माझी वाटी फुटली समजा. त्याच दिवशी भाग विकायचे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. अशा वेळी माना सगळेच डोलावतात.

तीन बाजार भाव चढला. लोकांनी पुलाचे दगडसुद्धा निवडून ठेवले. चौथ्या बाजारी गेरूचा ठिपका रेघेखाली पडला.

"अगं, पूस ती रेघ," पाटील म्हणाले. "जरा खाली काढ. वाटी नाही तर परात होईल."

ठिपका आणखी खाली गेला असता, तर उद्या हेच पाटील परातीला हौद म्हणाले असते.

"हळदीचे ठिपके बघ की," दुसरा एक गावकरी म्हणाला. "सोनं चढतंय, मग खाण कशी पडेल?"

"सोनं सोन्याच्या जागी," कुंभारीण म्हणाली. "आपण घेतलीय ती खाण. तिच्या आत काय चाललंय, ते आपल्याला दिसत नाही."

सगळ्या गावासमोर तिला 'मी चुकले' म्हणायचं होतं. रेघ पुसली असती तर कोणी बोल लावला नसता. पण ती म्हणाली, "मी दिवसभर वाट्या घडवते, म्हणून मला भिंतीवरही वाटी दिसली. रेघ ओढली तेव्हा आपला जीव यात अडकला नव्हता. तेव्हाची अक्कल खरी. भाग विका."

भाग तोट्यात विकले गेले. महिनाभर तिची मडकी कोणी घेतली नाहीत.

मग कळलं, की खाणीत खालून पाणी फुटलं होतं. मालक गप्प होते, आतले लोक आपले भाग विकून मोकळे झाले होते. खाण बंद पडली आणि भागांचे कागद चुलीत घालायच्या लायकीचे उरले.

गावाकडे उरलेल्या पैशांत पूल झाला. दोन गाड्यांचा व्हायचा तो एका गाडीचा झाला, पण पहिल्याच पुरात त्यावरून वैद्य आला आणि पाटलांची सून बाळासकट वाचली.

आजही त्या गावात दरवर्षी चावडीला चुना लावतात. दोन बरोबर आलेल्या वाट्या केव्हाच चुन्याखाली गेल्या. तिसरी मात्र कोळशाच्या रेघेसकट तशीच ठेवली आहे, आणि पाहुण्यांना लोक ताठ मानेने तीच दाखवतात.

तात्पर्य: आपण चुकलो हे कुठे मान्य करायचं, ती रेघ आधीच ओढावी, आणि वेळ आल्यावर ती पुसू नये.