सगुणाने तळ्याकाठचा दगड कसा वाचला

एकदा काय झालं, सगुणा नावाची एक मुलगी धाकट्या भावाला, भिवाला घेऊन मामाच्या गावी निघाली. त्यांच्या शाळेत एक रीत होती, बरं का. जो एका दमात अख्खं पान वाचेल, त्याला गुळाचा खडा. सगुणाला रोज गूळ मिळायचा.

वाटेत तळं लागलं. काठावर दगड, दगडावर अक्षरं. सगुणाने घडाघडा वाचलं:

'वाटसरा, आधी तळ्याला विचार. न विचारता प्यालास तर मासा होशील. ज्याने पाणी नेलं, त्याच्या ओंजळीइतकं परत आलं, तरच माणूस परत येईल.'

भिवा म्हणाला, छान वाचलंस. पण इतक्या भरभर वाचलेलं दोघांनाही कळलं नव्हतं. तो ओंजळभर पाणी प्याला.

मग काय, भिवा गायब. पाण्यात एक इवलासा रुपेरी मासा.

सगुणाने भिवाला हाका मारल्या. तेवढ्यात एक म्हातारं कासव वर आलं. त्याने सांगितलं, दिवस मावळला की मासा आपलं नाव विसरतो. मग कितीही हाका मार.

मग सगुणाने पुन्हा वाचलं, आधीपेक्षाही भरभर. 'पाणी' आणि 'परत' एवढंच डोक्यात राहिलं. जवळच्या ओढ्यावरून आपला तांब्या भरून आणला आणि सगळा तळ्यात ओतला. मासा भिऊन खोल गेला.

कासव म्हणालं, "पोरी, दगड काय म्हणतो ते मी ऐकलं. तुला काय कळलं?"

सगुणा पुन्हा दगडाकडे वळली.

मग ती एकेका ओळीवर बोट ठेवून थांबू लागली. हे मला माझ्या शब्दांत सांगता येईल का? आलं तर पुढे, नाही तर मागे. अस्सं! आधी विचारायचं. तिने तळ्याला विचारलं आणि आपली ओंजळ भरून सोडली. मासा काठाशी आला, घुटमळला, पुन्हा वळला.

ऊन उतरलं होतं. पण सगुणा धावली नाही. माझं काय निसटलं, म्हणत पुन्हा मागे गेली. ज्याने नेलं, त्याच्या ओंजळीइतकं. म्हणजे भिवाच्या!

तिने डोळे मिटून भिवाचे हात पाहिले. तिने मूठभर चुरमुरे दिले, की त्याची ओंजळ भरायची. तिने तळ्याला विचारलं आणि आपल्या एका तळव्यात मावेल तेवढंच पाणी सोडलं.

मग पाणी फुटलं आणि भिवा खोकत वर आला. म्हणाला, "ताई, खाली तुझा आवाज येत होता. भरभर वाचत होतीस ना, तेव्हा फार भीती वाटली. मग तू थांबायला लागलीस. तेव्हा वाटलं, आता ही येणार."

मग दोघं मामाकडे पोचली, पोटभर जेवली, सुखाने राहिली. तसे तुम्हीही राहा. पांघरूण घ्या बघू. एकमेकांना चिकटून झोपा.