वाती वळताना सांगितलेलं

मंगळवार, दुपारचे साडेतीन. महिला मंडळाची खोली. ओसरीवर आठ-दहा जणी देवळासाठी वाती वळत बसल्या होत्या. आत लेखिका द्वारकाबाई खांबेटे, वय त्र्याऐंशी. समोर त्यांची शिष्या ऋजुता. मांडीवर तिच्या पहिल्या कथासंग्रहाची मुद्रितं.

"मग प्रस्तावना देणार ना, बाई?"

"यातली शेवटची गोष्ट कुमुदची आहे."

"नाव बदललंय मी. गावसुद्धा."

"तिला विचारलंस?"

"विचारायचं काय त्यात? नवऱ्याच्या माराचं तिनं इथंच सांगितलं, वाती वळताना, सगळ्यांदेखत. आणि लेखिकेनं मंडळात येऊन करायचं तरी काय? लोणची घालायची?"

"ती तरी नीट घाल. माझी नासतात."

ऋजुता हसली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी ओसरीकडे बोट केलं. कुमुद तिथेच होती, कापसातल्या सरक्या वेचत.

"जा. वाचून दाखव तिला."

ऋजुता कागद घेऊन उठली. दारापर्यंत गेली. कुमुदने वर पाहिलं आणि सरकून तिला बसायला जागा करून दिली...

ऋजुता तशीच परत आली.

"सगळ्यांसमोर कसं वाचू, बाई?"

"छापल्यावर कोणासमोर वाचतील?"

ऋजुतानं कागद मांडीवर उलटे ठेवले.

"मीही नाव बदललं होतं," बाई म्हणाल्या. "यशोदेचं. दिवाळी अंकात गोष्ट आली. बक्षीस मिळालं. तिच्या नवऱ्यानं ओळखलं. घरी बसवून तिला ती पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचून दाखवली."

बक्षिसाची बातमी दोन दैनिकांत आली होती. अकरा वर्षं एकही मंगळवार न चुकवणारी यशोदा त्यानंतर मंडळात दिसली नाही, ही बातमी कोणालाच वाटली नाही.

"मंडळानं काय केलं मग?"

"सत्कार केला. माझा."

"आणि यशोदाबाई? त्यांचं काय झालं?"

बाईंनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा लावला नाही...

"ठाऊक नाही. कोणी गेलंच नाही विचारायला. दोन गल्ल्या सोडून तर घर होतं तिचं."