बारा उपाशी पंच आणि एक भाजलेलं बदक

"दोषी म्हणा, नाहीतर उपाशी मरा!" न्यायाधीश सर अँब्रोस टिडकोंब गरजले.

समोर खटल्याचा निकाल द्यायला निवडलेले मॅलोबरी गावचे बारा पंच उभे होते. इंग्लंडात तेव्हा धर्माचं असं काही वारं सुटलं होतं की, लोक चर्च सोडून गोठ्यात आणि गुदामात प्रार्थनेला जमायचे. राजाला हे खपेना. त्याने कायदा काढला, परवान्याशिवाय प्रवचन केलं तर जहाजात घालून हद्दपारी! आणि ओबडाया फिंच नावाच्या विणकराने तर भर बाजारात, मुळ्यांच्या पिंपावर चढून तासभर प्रवचन ठोकलं होतं.

"ओबडाया बोलला, हे खरं," पंचांचा म्होरक्या म्हणाला. "पण देवाबद्दल बोलणं हा गुन्हा आहे, असं आमचं मन काही म्हणत नाही. निर्दोष!"

"हा निकाल मी ऐकलाच नाही! कोंडा यांना! निकाल लागेपर्यंत या इमारतीत कुणाच्याही पोटात अन्नाचा कण जाता कामा नये!"

हुकूम लिहिला गेला, शिक्का बसला, कागद दारावर ठोकला गेला.

ही इमारत म्हणजे गावची खाणावळ. वरच्या मजल्यावर कोर्ट भरायचं, खाली टॅम्सिन नावाची बाई स्वयंपाक करायची. कोंडलेल्या पंचांत तिचा म्हातारा बापही होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी सर अँब्रोस गळ्याला रुमाल बांधून खाली उतरले. पंच सुटतील तेव्हासाठी चुलीवर झाकणाखाली अख्खं बदक खरपूस भाजलं जात होतं.

"वाढ!"

"जमायचं नाही, सरकार. हुकूम आहे."

"कुणाचा?"

"आपलाच की!"

"अगं मूर्ख बाई, तो पंचांसाठी होता!"

"कागदावर तर 'कुणाच्याही' असं लिहिलंय. मला वाटलं, आपण विचार करूनच लिहिलं असेल. मागे घेता का?"

"मागे? टिडकोंब घराण्यात आजवर कुणी शब्द मागे घेतलेला नाही!"

"मग बाहेर जाऊन जेवा."

पण निकाल लागेपर्यंत न्यायाधीशाने इमारत सोडायची नाही, असा नियम! सर अँब्रोस लालबुंद झाले.

"ठीक आहे! तूच जा वर. तीनचे टोले पडायच्या आत त्या बाराजणांकडून 'दोषी' वदवून आण. नाही जमलं, तर विणकराबरोबर तूही जहाजावर!"

टॅम्सिनने हातातला डाव खाली ठेवला. हात पुसले.

"आणते, सरकार. पण हवं ते दुसऱ्याकडून कसं वदवायचं, मला ठाऊक नाही. आपण एकदा करून दाखवा. आपल्या पोटाला सांगा, 'मी भरलंय' म्हण."

"त्यात काय अवघड आहे!" सर अँब्रोस ताठ उभे राहिले आणि खाली बघत ओरडले, "पोटा! राजाच्या नावाने हुकूम करतो, तू भरलेलं आहेस!"

टॅम्सिनने हळूच बदकावरचं झाकण उचललं.

"गुर्रर्र... गुडगुड!" पोट म्हणालं.

"कायद्याने सांगतो!"

"गुडगुडगुड!"

"हद्दपार करीन!"

"गुर्रर्रर्र!" आता आवाज असा मोठा आला की खाणावळीचं कुत्रं टेबलाखाली पळालं.

"सरकार," टॅम्सिन म्हणाली, "पोट आपलं, आपल्याच अंगात, आपल्याच अन्नावर पोसलेलं. तरी धमकीने ते खोटं बोलत नाही. वर तर बारा परक्यांची बारा मनं आहेत. त्यांना मी कशी खोटं बोलायला लावू?"

सर अँब्रोसनी एकदा आपल्या पोटाकडे पाहिलं, एकदा वर जिन्याकडे. मग त्यांच्या गालांना हिसके बसायला लागले, आणि ते असे खदखदा हसले की रुमाल सुटून राखेत पडला.

हसत हसतच ते जिना चढले आणि त्यांनी वहीत लिहिलं, 'निर्दोष'. ओबडाया सुटला. बारा पंच जिन्यावरून अक्षरशः गडगडत खाली आले.

"टॅम्सिन, बक्षीस ऐक!" डोळे पुसत न्यायाधीश म्हणाले. "आजपासून या स्वयंपाकघरात हुकूम फक्त तुझा. माझा नाही, राजाचासुद्धा नाही! लिहून देतो."

टॅम्सिनने कागद घेतला, शाई वाळेपर्यंत फुंकर मारली आणि डाव उचलला.

"मग पहिला हुकूम, सरकार. रांगेत उभं राहा. बाराजणांच्या मागे!"