हिरवी कोण आणि तपकिरी कोण

एका राज्यात केरोबा नावाचा म्हातारा राजाची पाखरं सांभाळत असे. तो चारचौघांत सांगे, “सातशे जातींच्या पाखरांची भाषा मला येते.” मग मिशीत हसून म्हणे, “आता त्यांना माझी येत नाही, त्याला मी काय करू?”

त्या राज्यात कालजिव्ह नावाचा जादूगार आला. राणी मृगांकवती आणि केरोबाची बायको येसू माळीण बागेत उभ्या होत्या. दोघी त्याच्या गुडघ्यापर्यंतच्या दाढीला हसल्या. त्यानं चिमूटभर राख फुंकली, दोघींचे दोन गुंजनपक्षी झाले. अंगठ्याएवढे जीव, हवेत एका जागी उभे राहून मध पिणारे, आणि वाचा गेलेली. एक पाचूसारखी हिरवी, सरळ आखूड चोचीची. दुसरी तपकिरी, चोच विळ्यासारखी वाकडी, शेपूट लांब.

“तीन दिवसांत आपापल्या बायकोला नावानं हाक मारा,” जादूगार राजाला आणि केरोबाला म्हणाला. “चुकलात तर दोघी जन्मभर पाखरं.”

राजा म्हणाला, “यात विचार कसला? चमकते ती राणी.”

“थांबा महाराज. येसू गेली तर या वयात मला दुसरी कोण देणार?”

पहिल्या दिवशी केरोबानं दोघींना मोठ्या पिंजऱ्यात घेऊन पुढ्यात फुलं ठेवली. वाकड्या फुलात वाकडी चोच गेली, सरळ फुलात सरळ. यावरून चोच कळली, बाई कळली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे कडाक्याची थंडी पडली. दोघी पिंजऱ्यातल्या फांदीवर दगडागत बसलेल्या. पंख हलेना, श्वास दिसेना. राजा रडू लागला. केरोबानं थट्टा विसरून दोघींना ओंजळीत धरलं. ऊन वर आलं तशा दोघी थरथरल्या आणि भुर्रकन उडाल्या. त्यांची झोपच तशी, मेल्यासारखी. पण त्यातही दोघी सारख्याच.

तिसऱ्या दिवशी बागेवर जाळं टाकून पिंजरा उघडला. तपकिरी कर्दळीपासून निघाली. एकेका फुलाशी एकेक घोट घेत साऱ्या बागेतून फिरून पुन्हा कर्दळीशी. दिवसभर तीच वाट. हिरवी मात्र एका बहरलेल्या झाडावर ठाण मांडून बसली. भुंगा हाकलला, पोपट हाकलला, राजाचा फेटाही सोडला नाही.

“पाहिलंस? आपलं राज्य राखते. हीच राणी!”

“महाराज, आपण उठता कधी?”

“उन्हं डोक्यावर आल्यावर.”

“मग कसं माहीत असणार! राणीसाहेब रोज सकाळी हत्तीखान्यापासून मुदपाकखान्यापर्यंत फिरतात. प्रत्येक दारी क्षणभर थांबून विचारपूस, वाट कधी बदलत नाहीत. आणि आमची येसू? तिनं आपल्या सोनचाफ्याखाली मला कधी उभं राहू दिलं नाही.”

राजानं मान खाली घातली. तपकिरीकडे पाहून म्हणाला, “मृगांकवती!” राणी समोर उभी राहिली. केरोबा हिरवीकडे वळला. “येसू!” हिरवी झाडावरून उतरली ती पदर खोचतच.

शाप सुटला. कालजिव्हाच्या दाढीचं शेवाळ झालं आणि तो पळाला. राजा कोंबड्याबरोबर उठू लागला.

केरोबाची छाती मात्र तिथंच फुगली. “येसू, मी तुला पहिल्याच दिवशी ओळखलं होतं!”

“हो का? मग तीन दिवस राणीसाहेबांच्या शेपटीचं कौतुक करत कोण उभं होतं?”