फाल्गुनातली रेघ

"दगड तुम्हीच हलवलेत ना, बुवा?"

चेतनगीर बुवा धुनीतली राख सारखी करत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कुठले दगड?"

"नाटक नको. खिंडीतले. मी फाल्गुनात आलो तेव्हा वाटेच्या खुणेची रास डाव्या तोंडाशी होती. आज ती उजव्या तोंडाशी आहे. दगड काही आपल्या पायांनी चालत गेले नाहीत."

"नाही गेले. मीच हलवले."

हर्षद वाळुंज जरा गडबडला. म्हातारा आधी कानावर हात ठेवील, मग देवीचं नाव पुढे करील, मग वयाचा दाखला देईल, अशी त्याची तयारी होती. इतक्या सरळ कबुलीवर काय बोलायचं, हे त्याने ठरवलं नव्हतं. संशय मात्र कमी व्हायचा तो वाढलाच.

सरळ बोलणारा म्हातारा त्याने आजवर पाहिला नव्हता.

जागा सांगायची तर घाटमाथ्याच्या टोकावरची ही एक खिंड. इथून सांबरनाळ सुरू होते. नाळ म्हणजे दोन कड्यांच्या मधली उभी घळ, वरपासून खालपर्यंत धोंड्यांनी भरलेली, थेट कोकणात उतरणारी. तिला वर दोन तोंडं आहेत, डावं आणि उजवं. अर्ध्या तासाच्या उतारावर ती एकमेकांना मिळतात. उजव्या तोंडाकडे जायचं तर बुवांच्या झोपडीच्या दारावरूनच जावं लागतं.

हीच गोष्ट हर्षदला खुपत होती.

"कळलं मला," तो म्हणाला. "डावीकडून गेलेला माणूस तुम्हाला भेटत नाही. उजवीकडून गेला की चहाला थांबतो, पाया पडतो, अंगारा लावून घेतो. चार शब्द ज्ञानाचे ऐकतो. बरोबर ना?"

"चहा संपलाय," बुवा म्हणाले. "ज्ञान तर आधीपासूनच नव्हतं."

"मग हलवले कशाला?"

बुवांनी राखेत एक लाकूड खुपसलं.

"तू कशाला विचारतोस? तुझ्याकडे ते आहे की."

त्यांनी हनुवटीने हर्षदच्या हातातला फोन दाखवला.

फोनवर नकाशा उघडाच होता. नकाशावर लाल रेघ होती, आणि रेघेच्या एका टोकाशी निळा ठिपका. तो ठिपका म्हणजे हर्षद. ती रेघही हर्षदचीच. फाल्गुनात तो एकटा ही नाळ उतरला होता, जीपीएस चालू ठेवून, एकेक वळण टिपत. मग ती वाट त्याने सगळ्यांसाठी ॲपवर टाकली. साडेचार हजार लोकांनी ती आपल्या फोनात उतरवून घेतली होती. सांबरनाळेची दुसरी रेघ अजून कोणी काढलेली नव्हती.

हे त्याचं काम होतं. इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष अर्धं टाकून तो डोंगरात आला, त्याला चार वर्षं झाली. घरच्यांना अजून वाटत होतं की पोरगं नापास झालं. तो नापास झाला नव्हता. एक सर बावीस वर्षं जुन्या पिवळ्या वहीतून एका यंत्राची माहिती लिहून द्यायचे. हर्षदने उभं राहून सांगितलं, सर, हे यंत्र आता कुठल्याच कारखान्यात नाही, भंगारात गेलंय. सर म्हणाले, परीक्षेत आहे ना, मग लिही. पोरं लिहीत राहिली. हा दप्तर उचलून बाहेर पडला तो पडलाच.

आता मागे, टाक्याच्या पाण्यापाशी, बारा माणसं त्याची वाट बघत बसली होती. पुण्याच्या एका ऑफिसातली. त्यांच्यात एक पन्नाशीच्या सोनटक्के बाई होत्या. त्या सकाळपासून तिसऱ्यांदा म्हणाल्या होत्या, हर्षद, तू आहेस म्हणून मी आले हो.

रेघ डावीकडे जात होती. दगड उजवीकडे होते. बारा जणांना कुठून न्यायचं, हे ठरवून त्याला तासाभरात परत जायचं होतं.

"आहेच माझ्याकडे," तो म्हणाला. "म्हणून तर तुमची लबाडी पकडली. रेघ खोटं बोलत नाही."

"रेघ काढली कोणी?"

"मी."

"कधी?"

"सांगितलं ना. फाल्गुनात."

"आता काय चाललंय?"

"कार्तिक."

"हं..."

बुवांनी धुनीत फुंकर घातली. धुनीतलं लाकूड ओलं होतं, ते नुसतं धुमसत राहिलं. परवाच्या अवकाळी पावसात सगळं सरपण भिजलं होतं.

"म्हाताऱ्यांवर तुझा विश्वास नाही म्हण," ते म्हणाले.

"नाही. राग मानू नका."

"मानला नाही. मग विश्वास आहे कोणावर?"

"स्वतःवर."

"कुठल्या?"

"म्हणजे?"

"फाल्गुनातल्या, की हा समोर बसलाय त्याच्यावर?"

हर्षदला हे असलं बोलणं मुळीच आवडत नसे. सरळ प्रश्नाला वाकडं उत्तर द्यायचं आणि समोरचा गोंधळला की दाढीतल्या दाढीत हसायचं, हा म्हाताऱ्यांचा जुना धंदा. त्याने बुवांच्या दाढीकडे नीट पाहिलं. बुवा हसत नव्हते.

"हे बघा," तो म्हणाला, "मला एवढंच सांगा. डावी वाट चालू आहे की नाही?"

"मी सांगितलं तर खरं मानशील?"

हर्षदने फोनकडे पाहिलं.

"मग माझी जीभ कशाला शिणवतोस?" बुवांनी भिंतीला टेकवलेली काठी उचलून त्याच्यापुढे धरली. "बघून ये. ही घेऊन जा. आधी काठी टेकव, मग पाय."

"मला काठी लागत नाही."

"मला तरी कुठे लागते? पण धर."

त्याने घेतली. वाद वाचवायला घेतली, एवढंच.

*

डाव्या तोंडाशी गुडघाभर गवत होतं, पुढे ते कमरेपर्यंत आलं. वाळून सोनेरी झालेलं, खालून अजून ओलं. फाल्गुनात इथे गवत नव्हतं. वणव्याने सगळं जळून वाट उघडी पडली होती. आता वाट दिसत नव्हती, पण तिची गरजही नव्हती. डाव्या हातात फोन होता. निळा ठिपका लाल रेघेवर अगदी मधोमध सरकत होता.

काठी तो नुसती खांद्यावर टाकून चालला होता.

वीसेक पावलं गेल्यावर त्याला वाटलं, म्हातारा वरून बघत असेल. बघू दे. पण उगाच बोलायला जागा नको म्हणून त्याने काठी खाली घेतली आणि दोन-चार वेळा दाखवण्यापुरती टेकवली.

टक. टक. टक.

चौथ्या वेळी आवाज आला नाही.

काठी गवतात मुठीपर्यंत शिरली. तोही तिच्यामागे झुकला, आणि मग शेजारच्या कारवीच्या झुडपाला त्याचा हात कसा पोचला ते त्याला नंतरही सांगता आलं नाही. खाली बसून त्याने गवत बाजूला सारलं.

पलीकडे काहीच नव्हतं.

दरड गेली होती. जिथे दोन माणसं जोडीने उतरतील एवढी रुंद पायरी होती, तिथे तांबड्या मातीचा ताजा कडा होता, आणि खाली, फार खाली, झाडांचे शेंडे. गवत तेवढं कडेवरून वाकून, पुढे जमीन असल्यासारखं उभं होतं.

फोन त्याच्या हातातच होता. रेघ त्या पोकळीतून सरळ पुढे गेली होती. नीटनेटकी, लालभडक.

का कोण जाणे, त्याला पिवळ्या कागदाचा वास आल्यासारखं झालं.

*

परत आला तेव्हा त्याचे गुडघे मातीने माखले होते. त्याने काठी भिंतीला लावली. ती सरळ उभी राहीना. दोनदा पडली.

"तुम्हाला ठाऊक होतं," तो म्हणाला.

"होतं."

"मी गेलो असतो खाली."

"काठी दिली होती."

"तोंडाने सांगायला काय झालं होतं तुम्हाला? जीव गेला असता माझा. हे कसलं शिकवणं आहे? तुम्हा लोकांना पोरं तोंडावर आपटलेली बघायला आवडतात, दुसरं काही नाही."

बुवांनी ते ऐकून घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी हललं.

"श्रावणात एक जोडपं आलं होतं," ते म्हणाले. "नवरा-बायको. भले लोक. त्यांना मी तोंडानेच सांगितलं. हात जोडून सांगितलं. बाईने मला फोन दाखवला. म्हणाली, बुवा, यात वाट आहे, घाबरू नका."

"...मग?"

"नवऱ्याला चौघांनी झोळी करून वर आणला. मांडीचं हाड मोडलेलं. झाडात अडकला म्हणून वाचला."

कुठल्या रेघेवरून गेले, हे हर्षदला विचारायची गरज नव्हती. नाळेची रेघ एकच होती.

"त्यानंतर रास इकडे आणली," बुवा म्हणाले. "माणूस माणसाचं ऐकत नाही. म्हटलं, दगडाचं ऐकेल. त्यालाही तू लबाडी म्हणालास."

हर्षद तिथेच जमिनीवर बसला. त्याने ॲप उघडलं, रेघेवर बोट दाबून धरलं आणि ती पुसून टाकली. फोनने सांगितलं, रेंज आली की बदल होईल. खिंडीत रेंज नव्हती. आणि आली तरी साडेचार हजार फोनांतून ती कोण पुसणार होतं?

फोन खाली ठेवून त्याने विचारलं.

"ही रास... तुमची रीत काय आहे तिची?"

"माझी नव्हे. खिंडीची. जो वाट पायांनी चालला, त्याने घाटजाई देवीच्या नावाने तोंडाशी दगड रचायचे. न चालता रचायचे नाहीत. पाऊस झाला की रास मोडायची. मागचे दगड धरायचे नाहीत."

"उजवीकडचे कोणी ठेवले?"

"मी. अष्टमीला उतरून चढून आलो."

आज एकादशी होती. ब्याऐंशी वर्षांचा माणूस तीन दिवसांपूर्वी ही नाळ उतरून पुन्हा चढून आला होता. हर्षदने त्या फाटक्या टाचांकडे पाहिलं. सख्ख्या बापाच्या पाया पडायचं त्याने चार वर्षांपूर्वी सोडलं होतं. आता तो वाकला.

बुवांनी पाय पोटाशी ओढून घेतले.

"हे काय काढलंस?"

"चुकलो मी, बुवा." त्याने फोन बंद करून पिशवीच्या तळाशी टाकला. "यापुढे तुमचे दगड म्हणतील ती वाट. येतो मी. बारा जण खोळंबलेत, ऊन वर यायच्या आत त्यांना उजवीकडून खाली नेतो."

तो उठला. मन हलकं झालं होतं. एवढं हलकं त्याला कॉलेज सोडलं त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

बुवाही उठले. काठी घेऊन त्याच्यापुढून उजव्या तोंडापर्यंत चालत गेले. राशीपाशी थांबले. गळ्याइतकी उंच, नीट रचलेली रास होती. सगळ्यात वर एक पांढरा गोटा.

"परवा तुमच्याकडे पाऊस झाला?" त्यांनी विचारलं.

"झाला की. सगळीकडेच झाला. का?"

बुवांनी काठी राशीत घातली आणि जोर लावला.

दगड गडगडत चहूकडे गेले. पांढरा गोटा उजव्या तोंडातून आत घरंगळला. त्याचा आवाज खाली खाली जात राहिला, आणि मग आला नाही.



"बुवा... हे काय केलंत? आता उजवी वाट कशी कळायची?"

बुवांनी काठी त्याच्या हातात दिली.

"डावी कशी कळली?"